आधी नमुन्याचे प्रश्न लिहा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या शेतकऱ्यांसाठी मराठीत प्रश्नोत्तरांचा समूह काढताय, फार गरजेचं काम आहे. पण 'शेतीबद्दल काहीही विचारा' एवढ्यावर सुरू करू नका. नवखे इथंच फसतात. खानापूरच्या पावसात भात लावणारा, निपाणीचा तंबाखूवाला आणि अथणीचा ऊसवाला, तिघांच्या अडचणी वेगळ्या.

आधी वीस-पंचवीस नमुना प्रश्न खरोखर लिहून काढा. 'भातावर कोणतं औषध मारू?' हा कच्चा प्रश्न. 'खानापूर तालुका, लावणीला महिना झाला, पानांच्या गुंडाळ्या झाल्यात, आत हिरवट अळी दिसते, काय करू?' याला नेमकं उत्तर देता येतं. स्टॅक एक्सचेंज या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळावर नवा विषय काढतानाही आधी असेच नमुने मागवून काय चालेल, काय नाही हे ठरवत.

मग एवढं बघा:

- उत्तरं देणारे जाणकार आधी जोडा. विचारणारे मागोमाग येतात.
- जाहिराती नकोत, सीमाप्रश्नावरची चर्चाही नको. तो आपल्या जिव्हाळ्याचा विषय आहे, पण एकदा सुरू झाला की अळीचा प्रश्न खाली गाडला जातो.
- जमिनीच्या कागदांबद्दल विचारलं तर राज्य लिहायला लावा. इकडं कर्नाटकात सातबारा नाही, आरटीसीचा (जमिनीच्या हक्क-पीक नोंदीचा) उतारा, तोही कन्नडमधला. कोल्हापूरकडच्या माणसानं भल्या मनानं सातबाऱ्याची वाट सांगितली, तर आपला माणूस नुसते हेलपाटे घालेल.

गुण, बक्षिसं, लांबलचक नियमावली आत्ता नको. नमुने झाले की पाठवा, एकेक बघून सांगतो.