प्राचीन ग्रीक घरांत सापडणाऱ्या मातीच्या छोट्या मूर्ती देवाच्या होत्या की मुलांची खेळणी?

दोन्ही. पण प्रश्नाखाली तुम्ही 'साच्यातून काढलेल्या स्वस्त वस्तूंना एवढं महत्त्व का?' असंही विचारलंय, म्हणून सविस्तर लिहितेय.

एम. ए.ला मी प्रबंधासाठी हाच विषय मागितला होता. आमचे सर वर्गासमोर म्हणाले, "ग्रीक कला म्हणजे फिडियस. साच्यातल्या बाहुल्यांवर प्रबंध होत नसतो." फिडियस म्हणजे प्राचीन ग्रीसचा नावाजलेला शिल्पकार. मला नाण्यांवर लिहायला लावलं. नाणीसुद्धा ठशानेच पाडतात ना, असं मी विचारलं, तर त्यांनी पुढच्या मुलीला विषय विचारायला घेतला. ही तुच्छता जुनीच आहे. अथेन्सचा वक्तृत्वशिक्षक इसोक्रेटिस इ. स. पू. चौथ्या शतकात लिहितो की, मला हिणवणं म्हणजे अथेना देवीची मूर्ती घडवणाऱ्या फिडियसला मातीच्या बाहुल्या करणारा म्हणण्यासारखं आहे.

त्या बाहुल्या करायलाही हात लागतो. साच्यात माती दाबून पुढची बाजू काढायची, पाठ बहुतेक वेळा साधीच ठेवायची, भाजताना फुटू नये म्हणून मागे भोक ठेवायचं. भाजण्याआधी पांढरा लेप, भाजल्यावर गुलाबी, निळे रंग. असे वरून दिलेले रंग टिकत नाहीत, म्हणून संग्रहालयात त्या मातकट दिसतात. तयार मूर्तीवरून नवा साचा घेतला की माती आटल्यामुळे पुढची मूर्ती लहान निघते. त्यावरून मूर्तींच्या पिढ्या लावता येतात. आणि विषय तरी कुठले! पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात ग्रीसमधल्या थीब्जची एक मूर्ती आहे: ओळीने कणीक मळणाऱ्या बायका आणि त्यांना ताल द्यायला पावा वाजवणारा एक वादक. संगमरवरात हे कोण कोरणार होतं?

देव की खेळणं, हे आपण पाडलेले कप्पे आहेत. दोऱ्याने हातपाय जोडलेल्या बाहुल्या कॉरिंथ या ग्रीक शहरात होत. तशा बाहुल्या मुलांच्या थडग्यांतही मिळतात आणि देवळांतही. एका ग्रीक कवितेत तिमारेता नावाची मुलगी लग्नाआधी आपला चेंडू, बाहुल्या आणि बाहुल्यांचे कपडे आर्टेमिस देवीला वाहते. काही देवीमुखांना वर भोकं असतात, म्हणजे ती भिंतीवर टांगायची सोय होती.

अर्थात, घरांपेक्षा थडग्यांत आणि देवळांत या मूर्ती जास्त मिळाल्यात. 1870च्या दशकात ग्रीसमधल्या तनाग्रा गावची थडगी लुटली गेली तेव्हा कुठली मूर्ती कशाशेजारी होती ही माहिती कायमची गेली, आणि बाजारात नकलाही घुसल्या. म्हणून सुंदर फोटोंचे अल्बम बाजूला ठेवा आणि ऑलिंथस या उत्तर ग्रीसमधल्या शहराच्या उत्खननाचे अहवाल वाचा. मॅसेडोनियाचा राजा फिलिप याने इ. स. पू. 348 मध्ये ते शहर उद्ध्वस्त केलं. पुरातत्त्वज्ञ रॉबिन्सन यांनी तिथली शंभरावर घरं खणली, त्यामुळे अनेक मूर्ती घराच्या कुठल्या खोलीत होत्या तेही कळतं. त्यांच्या अहवालाच्या 14 खंडांपैकी चौथा आणि सातवा पूर्णपणे मातीच्या मूर्तींवर आहेत. शेवटच्या खंडात मूर्ती, दिवे आणि नाणी एकत्र आहेत. प्रबंध होत नसतो म्हणे!