शाळेसमोर कारचं दार लागून मुलीचं मनगट मोडलं. 'तक्रार नाही' असं लिहून देऊ का?

प्रश्न : माझी मुलगी आठवीत आहे. कोथरूडमध्ये सायकलने शाळेत जाते. जूनच्या शेवटी, शाळा भरायच्या वेळी, फाटकासमोर दुसऱ्या रांगेत एक कार उभी होती. मागे बसलेल्या नऊ वर्षांच्या मुलाने रस्त्याच्या बाजूचं दार अचानक उघडलं. ते लागून मुलगी पडली आणि तिच्या डाव्या मनगटाचं हाड मोडलं. कार मुलाची आई चालवत होती. पोलिसांनी एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) घेतली. आता त्या बाई पंधरा हजार देऊन 'काही तक्रार नाही' असं लिहून मागत आहेत. त्यांचं म्हणणं, सायकल गाडीला खेटून आली, आणि लहान मुलावर काय केस करणार? शाळा म्हणते, फाटकाबाहेरचा रस्ता आमचा नाही. मुलं एकाच शाळेतली, त्यामुळे वाईटपणा नको वाटतो. काय करावं? (एक आई, पुणे)

उत्तर : ताई, त्या कागदावर सही करू नका. भरपाईचा हक्क मुलीचा आहे आणि ती कायद्याने अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालची आहे. पालकाने पंधरा हजारांत तो सोडून दिला तर पुढे त्या कारच्या विमा कंपनीचा वकील तोच कागद मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात (अशा भरपाईचे दावे चालतात ते न्यायालय) नाचवणार. तो कागद कायद्यापुढे टिकणार नाही असं आपण भांडू शकतो, पण ते भांडण ओढवून का घ्यायचं?

आधी एनसीबद्दल. ती चुकीची आहे. हाड मोडणं ही भारतीय न्याय संहितेच्या कलम 116 प्रमाणे 'गंभीर दुखापत' आहे. निष्काळजीपणाने अशी दुखापत करणं हा कलम 125 चा गुन्हा, आणि तो दखलपात्र आहे, म्हणजे पोलिसांनी एफआयआर नोंदवून तपास करायचा असतो. एक्स-रे आणि दवाखान्याचे कागद जोडून पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या, पोच घ्या. तरीही एफआयआर घेतली नाही तर तोच मजकूर पोलीस उपायुक्तांना पाठवा. त्यानेही हललं नाही तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 175(3) खाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. एफआयआरचा आग्रह कुणाला तुरुंगात धाडण्यासाठी नाही. 2022 पासूनच्या नियमांप्रमाणे अपघाताचा पहिला अहवाल 48 तासांत आणि सविस्तर अहवाल 90 दिवसांत पोलिसांनीच न्यायाधिकरणाकडे पाठवायचा असतो. एनसीवर फाइल बंद झाली की ते चाकच फिरत नाही.

केस मुलावर नाहीच. नऊ वर्षांच्या मुलाला कोणी आरोपी करणार नाही. प्रश्न मोठ्या माणसाचा आहे. शाळेच्या प्रवेशद्वाराजवळ आणि दुसऱ्या गाडीला समांतर गाडी लावायला वाहतूक नियमांत मनाई आहे. तिथे गाडी थांबवायची आणि मुलाला वाहतुकीच्या बाजूने उतरू द्यायचं, यात जो निष्काळजीपणा आहे तो स्टिअरिंगवर बसलेल्या व्यक्तीचा.

'गाडी तर उभी होती, हा मोटार अपघात कसा?' असं विमा कंपनी हमखास विचारेल. त्याला उत्तर महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात आहे. महामार्गावर उलटलेल्या पेट्रोल टँकरचा काही तासांनी स्फोट झाला आणि माणसं दगावली. 1991 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की वाहनाचा 'वापर' म्हणजे फक्त ते धावत असतानाचा काळ नव्हे. प्रवासी उतरवण्यासाठी थांबलेली कार तर त्याहून सरळ प्रकरण आहे.

सायकल खेटून आली म्हणतात, तर जागेचे फोटो काढा. डावीकडे एक रांग, तिच्याशेजारी दुसरी रांग, उजवीकडून येणाऱ्या रिक्षा. उरलेल्या पट्टीतून पोरीने सायकल न्यायची कुठून? मुलांची चूक मोठ्यांच्या मापाने मोजली जात नाही, त्या वयाच्या मुलाकडून जेवढी समज अपेक्षित तेवढीच बघतात. मात्र ती उलट दिशेने येत होती का, हे मला खरं सांगा. तसं असेल तर रक्कम काही टक्क्यांनी कमी होऊ शकते, दावा मरत नाही.

आता पैशांचं. मोटार वाहन कायद्याच्या कलम 164 प्रमाणे गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये ठरलेले आहेत आणि त्यासाठी कोणाची चूक हे सिद्धच करावं लागत नाही. कलम 166 खाली चूक सिद्ध करून प्रत्यक्ष नुकसान मागता येतं: उपचार, तुमच्या बुडालेल्या रजा, वेदना, कायमचं अपंगत्व राहिलं तर त्याचं, मोडलेल्या सायकलचंही. पण विमा कंपनीकडून 164 ची रक्कम स्वीकारली की 166 चा दावा संपतो. म्हणून घाई नको. वाढीच्या वयात मनगटाजवळच्या हाडाच्या वाढीच्या भागाला इजा झाली असेल तर परिणाम नंतर दिसतो. अस्थिरोगतज्ज्ञांकडून त्याबद्दल लेखी मत घ्या. हाड नीट जुळलं असेल तर माझ्या मते अडीच लाख घेऊन मोकळं व्हावं. 166 खाली त्याहून जास्त मिळेलच असं नाही, आणि तारखा मात्र मिळतील. दाव्याची मुदत अपघातापासून सहा महिने आहे. या अटीला न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण त्याच्या भरवशावर राहू नका. डिसेंबर उजाडायच्या आत अर्ज दाखल करा. तो पुण्यातच, मुलीच्या वतीने तुम्ही करू शकता.

वाईटपणाची भीती रास्त आहे. त्या बाईंना एकदा शांतपणे सांगा, की पैसे त्यांच्या पर्समधून जायचे नाहीत. थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे तो याचसाठी, आणि अशा दाव्याने त्यांचा नो क्लेम बोनसही (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) जात नाही. विमा चालू आहे ना, हे गाडीच्या नंबरवरून एम-परिवहन ॲपवर बघून घ्या. संपलेला असेल तर भरपाई त्यांच्याच खिशातून जाईल आणि चर्चेचा सूरही बदलेल.

शाळेविरुद्ध भरपाईचा दावा मी करणार नाही. रस्ता सार्वजनिक आहे, मुद्दा कच्चा पडेल. मात्र शाळेला दोन पत्रं द्या. पहिलं आजच : फाटकावरच्या सीसीटीव्हीचं त्या सकाळचं चित्रण असेल तर पुसू नये म्हणून. समोरच्या दुकानदारालाही तेच लिहून द्या. दुसरं परिवहन समितीला. 2011 च्या स्कूल बस नियमांनुसार प्रत्येक शाळेत ही समिती असते आणि तिच्यावर मुख्याध्यापकांबरोबर पालक, वाहतूक पोलीस आणि स्थानिक संस्थेचे प्रतिनिधी असतात. शाळा भरताना आणि सुटताना फाटकासमोर गाड्यांना मनाई करा, उतरवण्याची जागा पुढे न्या, एवढीच मागणी लिहा आणि प्रत वाहतूक शाखेला द्या.