वाचकांचे प्रश्न : तेच नाव, रोज नवा हॅश

प्रश्न : ग्राहकांच्या नोंदींचे १० गट पाडण्यासाठी मी पायथॉनमध्ये नावाचा हॅश (मजकुरावरून ठरणारा आकडा) काढून त्याला १० ने भागतो आणि बाकी हा गटक्रमांक धरतो. प्रोग्राम पुन्हा चालवला की तेच नाव दुसऱ्याच गटात जाते. रँडमला (यादृच्छिक आकडे देणाऱ्या मॉड्यूलला) सीड, म्हणजे सुरुवातीचा आकडा, ४२ दिले आहे, तरीही. असे का?

उत्तर : रँडमच्या सीडचा इथे काही संबंध नाही. पायथॉन ३.३ पासून (२०१२) इंटरप्रिटर (कोड चालवणारा प्रोग्राम) सुरू होताना एक यादृच्छिक किल्ली ठरते आणि स्ट्रिंग व बाइट्सच्या हॅशमध्ये मिसळली जाते. हे मुद्दाम केलेले आहे. एकमेकींवर आदळणाऱ्या, म्हणजे हॅश सारखाच येणाऱ्या, हजारो की (डिक्शनरीतली नावे) पाठवून वेब सर्व्हर अडकवून ठेवता येतो, हे २०११ च्या अखेरीस जाहीर झाले होते. पूर्णांकांना मात्र ही किल्ली लागत नाही. त्यामुळे ग्राहकक्रमांकावर चाचणी घेतली तर सगळे सुरळीत वाटते.

‘पायथॉनहॅशसीड’ (सलग, कॅपिटल अक्षरांत) हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (प्रोग्रामला बाहेरून दिलेली सेटिंग) ० ठेवले की यादृच्छिकता बंद होते. ० ते ४२९४९६७२९५ मधला कोणताही ठरावीक आकडा दिला तरी हॅश स्थिर राहतो. पण हा आकडा प्रोग्राम सुरू होण्याआधी द्यावा लागतो. कोडच्या पहिल्या ओळीत दिला तरी उशीर झालेला असतो. ज्युपिटर नोटबुकमध्ये हीच फसगत होते, कारण कर्नल (मागे कोड चालवणारा पायथॉन) आधीच चालू असतो. शिवाय ३.४ मध्ये आणि पुन्हा ३.११ मध्ये आतला अल्गोरिदमच बदलला. म्हणून हा उपाय बग शोधण्यापुरता ठीक. डेटाबेसात साठवायच्या आकड्यासाठी नको.

त्यासाठी पायथॉनचे हॅशलिब मॉड्यूल वापरा. नाव यूटीएफ-८ मध्ये एन्कोड करा (अक्षरांचे बाइट करा), एसएचए-२५६ हा किल्ली नसलेला हॅश काढा, पहिले ८ बाइट बिग-एंडियन (मोठ्या स्थानाचा बाइट आधी) पूर्णांक म्हणून वाचा आणि मग १० ची बाकी घ्या. नुसते गटच पाडायचे असतील तर झेडलिब मॉड्यूलमधला सीआरसी-३२ हा साधा हॅश पुरतो आणि वेगवानही आहे. नाव आणि गाव जोडून हॅश करणार असाल तर मध्ये विभाजक घाला. नाहीतर ‘राम’ व ‘नगर’ आणि ‘रामन’ व ‘गर’ यांचा हॅश एकच येईल.

मराठी मजकुरात आणखी एक खाचखळगा आहे. ‘ऱ’ एकाच कोडने लिहिता येतो, किंवा र आणि नुक्ता (अक्षराखालचा टिंब) मिळून. दिसायला सारखे, बाइट वेगळे, म्हणून हॅशही वेगळा. एन्कोड करण्याआधी युनिकोडडेटा मॉड्यूलमधून एनएफसी नॉर्मलायझेशन करा, म्हणजे अशी दोन्ही रूपे एकसारखी होतील. पण कोणी ‘दुसऱ्या’मधला ऱ्य साध्या र ला हलन्त आणि झिरो-विड्थ जॉइनर (न दिसणारे जोडचिन्ह) लावून टाइप केला असेल, तर एनएफसी त्याला हात लावत नाही. तो तुम्हालाच ‘ऱ’ आणि हलन्त असा बदलून घ्यावा लागेल.

प्रश्न : शब्दांच्या सेटची यादी केली की क्रम दर वेळी का बदलतो?

उत्तर : कारण तेच, सेटमधला क्रम शब्दांच्या हॅशवरून ठरतो. फाइलमध्ये लिहिण्याआधी सेट ‘सॉर्टेड’मधून काढा. क्रम पहिल्या नोंदीनुसार हवा असेल तर सेटऐवजी डिक्शनरीच्या की वापरा, ३.७ पासून डिक्शनरीत घातलेला क्रम टिकण्याची हमी आहे.