डीप एंडोमेट्रिओसिस आहे. आधी ऑपरेशन करावं की सरळ आयव्हीएफ? गरोदरपणात धोका किती?

तुम्ही लिहिलंय की वय 31, एमआरआयमध्ये डीप एंडोमेट्रिओसिस (गर्भपिशवीच्या अस्तरासारखं अस्तर बाहेर, आतड्यासारख्या अवयवांत खोल रुजणं) निघालं, डाव्या ओव्हरीत चॉकलेट सिस्ट (याच आजारातली जुन्या रक्ताने भरलेली गाठ) आहे आणि दोन डॉक्टर दोन गोष्टी सांगताहेत. मी डॉक्टर नाही. हे सगळं मी स्वतः भोगलंय आणि आज माझी मुलगी तीन वर्षांची आहे, म्हणून लिहितेय.

माझ्या पहिल्या ऑपरेशनआधी एएमएच (ओव्हरीत किती बीजं उरलीत याचा अंदाज देणारी रक्ततपासणी) कुणी तपासलंच नाही, याचं मला अजून वाईट वाटतं. सिस्टचं आवरण सोलताना त्याला चिकटलेली चांगली ओव्हरीही थोडी निघते, आणि तिच्यातली बीजं परत येत नाहीत. नंतर तपासलं तर माझं एएमएच 0.9, म्हणजे कमीच. तेव्हा सही करण्याआधी एएमएच करून घ्याच. आकडा कमी असेल किंवा दोन्हीकडे सिस्ट असतील, तर आधी बीजं गोठवून ठेवता येतील का, ते विचारा. केवळ आयव्हीएफचं यश वाढावं म्हणून सिस्ट सरसकट काढू नये, असं युरोपातल्या 2022च्या मार्गदर्शक सूचनाही सांगतात.

मात्र पाळीत संडासला बसवत नसेल, आतडं अरुंद झालं असेल किंवा मूत्रवाहिनी (किडनीतून लघवी खाली आणणारी नळी) दाबली जात असेल, तर गोष्ट वेगळी. मूत्रवाहिनी दाबली गेली तरी कधीकधी काहीच दुखत नाही आणि आत किडनी निकामी होत जाते. किडनीची सोनोग्राफी झाली नसेल तर याच आठवड्यात करा. आतड्याला हात लावायचा असेल तर वरचा थर खरवडणार, चकतीएवढा भाग काढणार की आतड्याचा तुकडाच काढून जोडणार, हे स्पष्ट विचारा. आतड्याचे सर्जन सोबत असतील ना? लघवीच्या नसा वाचवणार ना? माझ्या दुसऱ्या सर्जननी कागदावर चित्र काढून समजावलं, तेव्हा कुठे जिवात जीव आला.

दिवस राहिल्यावर बहुतेकींचं नीट पार पडतं. पण वार खाली, गर्भपिशवीच्या तोंडाशी असण्याचं आणि बाळ लवकर येण्याचं प्रमाण आपल्यात जास्त असतं. माझी वार खालीच होती. 33व्या आठवड्यात अंगावरून रक्त गेलं, 36व्यात सिझर झालं. आतडं गर्भपिशवीला चिकटलेलं असल्याने त्याला बराच वेळ लागला.

एक गोष्ट घरच्यांनाही सांगून ठेवा. क्वचित, विशेषतः शेवटच्या महिन्यांत, पोटाच्या आत रक्तस्राव होतो. अचानक जीवघेणं दुखतं, घेरी येते, पण अंगावरून काहीच जात नाही, म्हणून गॅस समजून ओवा देत बसतात. तसं झालं तर रात्र असो की पहाट, थेट हॉस्पिटल गाठा आणि दारातच एंडोमेट्रिओसिस असल्याचं सांगा. माझ्या फाइलच्या पहिल्या पानावर नवऱ्याने ते लाल पेनाने लिहून ठेवलं होतं.

एएमएच किती आलं ते इथे कळवाल का?