स्वयंसेवकांनी चालवलेलं जुन्या पुस्तकांचं दुकान ही वस्तीतल्या लोकांची भेटायची जागा कशी होईल?

तुम्ही लिहिलंय की पाच-सहा जण मिळून, नफ्याचा हेतू न ठेवता, जुन्या पुस्तकांचं दुकान काढायच्या विचारात आहात. लोकांनी पुस्तक घेऊन निघून न जाता तिथे थांबावं, एकमेकांच्या ओळखी व्हाव्यात, यासाठी काय करावं, असं विचारलंय. मी अशाच एका दुकानात बरीच वर्षं स्वयंसेवक आहे, म्हणून मला दिसलं तसं सांगते.

लोक थांबतात ते पुस्तकं निवडायच्या टेबलापाशी. बैठक, कार्यक्रम, वाचनगट हे सगळं नंतरचं. देणगीत आलेली खोकी बहुतेक ठिकाणी मागच्या खोलीत उघडली जातात. तुम्ही ती दारातून दिसतील अशी पुढेच उघडा. पुस्तक उलटं धरून हलकेच झटकायचं, की जुनं तिकीट, पत्र, वाळलेलं पान असं काहीबाही खाली पडतं. मग मधोमध उघडून वास घ्यायचा, बुरशी असेल तर लगेच कळते. कडेची पानं उजेडाकडे धरून कसरीची भोकं बघायची. हे चाललेलं असताना आत आलेला माणूस हमखास विचारतो, "यात काय काय निघालं?" त्याला खोडरबर द्या आणि पेन्सिलीच्या खुणा पुसायला बसवा. थोड्या वेळात तो शेजारच्याला सांगत असतो की हेच पुस्तक त्याच्या मोठ्या बहिणीकडे होतं. अनोळखी माणसांत नुसतं बसून बोलायचं म्हटलं की संकोच वाटतो. हातात काम असलं की तो राहत नाही. एकटी राहणारी, नुकती निवृत्त झालेली, परिसरात नव्याने आलेली माणसं आमच्याकडे अशीच रुळली.

दुसरी गोष्ट जरा कठोर आहे. येणाऱ्या पुस्तकांपैकी पुष्कळशी ठेवण्यासारखी नसतात, आणि त्यांना नाही म्हणता आलं पाहिजे. जुन्या अभ्यासक्रमाची पुस्तकं, मधलेच खंड गहाळ असलेले ज्ञानकोश, कालबाह्य संगणक-मार्गदर्शकं कुणी घेत नाही. पिवळी पडलेली पानं म्हणजे दुर्मिळ पुस्तक, असं देणाऱ्यांना फार वाटतं. पण एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून कागद लाकडाच्या लगद्याचा होऊ लागला. त्यातलं लिग्निन (लाकडातला एक घटक) आणि आम्ल यांमुळे तो पिवळा आणि ठिसूळ होतो, त्यामुळे अवघ्या काही दशकांपूर्वीचं पुस्तकही शंभर वर्षांचं वाटू शकतं. बुरशी लागलेलं पुस्तक तर दयामाया न करता बाजूला काढा, ओलसर हवेत ती शेजारच्या पुस्तकांवर पसरते. पुस्तक रद्दीत घालताना माझाही जीव तुटतो, तरी ज्या फळीवर टाकाऊ पुस्तकं दाटलेली असतात, तिथलं चांगलं पुस्तकही कुणाला दिसत नाही. किंमत पेन्सिलीने आतल्या कोऱ्या पानावर लिहा आणि शेजारी महिनाही टाका. कुठलं पुस्तक किती दिवस पडून आहे ते त्यावरून कळतं.

पुस्तकं फुकट द्यावीत की विकावीत, यावर तुमच्यात नक्की वाद होईल. दोन्ही तऱ्हा चालतात. अमेरिकेत बाल्टिमोरमधलं 'द बुक थिंग' हे केंद्र पुस्तकं फुकटच देतं. २०१६मध्ये तिथे मोठी आग लागली, तरी ते पुन्हा उघडलं. उलट ऑक्सफॅम या गरिबीविरुद्ध काम करणाऱ्या ब्रिटिश संस्थेने १९८७मध्ये ऑक्सफर्डला फक्त पुस्तकांचं असं पहिलं दुकान काढलं, आणि त्या दुकानांच्या विक्रीतून संस्थेच्या कामाला पैसा मिळतो. न्यूयॉर्कच्या हाउसिंग वर्क्स या संस्थेच्या पुस्तकांच्या दुकानातही देणगीची पुस्तकं, स्वयंसेवक आणि कार्यक्रम एका छताखाली आहेत. तिथला पैसा बेघर आणि एचआयव्हीबाधित लोकांसाठी जातो. मी स्वतः किंमत ठेवण्याच्या बाजूची आहे. भाडं आणि विजेचं बिल भरावं लागतंच, शिवाय थोडे का होईना पैसे मोजले की माणूस ताठ मानेने आत येतो, आपल्याला काही दान मिळतंय असं त्याला वाटत नाही. अगदीच अडचणीतल्या वाचकासाठी दाराशी एक फुकट पुस्तकांची पेटी ठेवा, आणि त्यातून कोण काय नेतं याकडे बघू नका.

स्वयंसेवकांबाबत एक नियम पहिल्याच दिवशी करा. खोक्यातलं चांगलं पुस्तक स्वयंसेवकाने आधी उचलायचं नाही. ते आठवडाभर फळीवर राहील, मग हवं तर त्याच किमतीला घ्यावं. हा नियम नसला की कुजबुज सुरू होते, आणि देणगीदारांच्या कानावर गेली की खोकी येणं थांबतं. गल्ला रोज दोघांनी मोजायचा, वहीत दोघांच्या सह्या. नोंदणी आणि हिशेबतपासणीसाठी मात्र जाणकाराला गाठा, ते अंदाजाने करू नका.

टेबलाभोवती नेहमीच्याच चौघांचं कोंडाळं होतं, याकडेही लक्ष असू द्या. त्यांच्या गप्पा रंगतात आणि नवा माणूस फळ्या चाळून मुकाट्याने जातो. म्हणून आमच्याकडे पाळीवरच्या एका स्वयंसेवकाने टेबलाशी बसायचंच नाही, दुकानात फिरत राहायचं, असं ठरलेलं आहे. टेबलाशी एक खुर्चीही कायम रिकामी ठेवतो.

फळ्या बनवताना भार लक्षात घ्या. मीटरभर पुस्तकांचं वजन साधारण २५ ते ३५ किलो भरतं, तेव्हा मध्ये आधार नसलेली फळी ८०-९० सेंटिमीटरहून लांब नको. दोन फळ्यांच्या रांगांमधून चाकाची खुर्ची जाईल एवढी वाटही सोडा.

सुरुवातीला आठवड्यातून दोनच दिवस उघडा, पण दिवस आणि वेळ अजिबात बदलू नका. बंद दार बघून परत गेलेला माणूस सहसा दुसऱ्यांदा येत नाही. प्रत्येक पाळीला दोघं आणि कुणी आजारी पडलं तर तिसरा, एवढी माणसं हाताशी आली की मगच तिसरा दिवस धरा.