अजाइल प्रोजेक्टचा स्कोप पक्का नसताना बिझनेस केसमध्ये खर्च कसा मांडायचा?

स्कोप हलता असला तरी टीम ठरलेली असते, म्हणून आधी एका स्प्रिंटचा (कामाच्या ठरावीक मुदतीच्या टप्प्याचा, इथे दोन आठवडे) खर्च काढा. समजा ६ जण, प्रत्येकी महिना सरासरी १.५ लाख (नुसता पगार नव्हे, पीएफ, लॅपटॉप, जागा धरून). वर्षाचे १०८ लाख, दोन आठवड्यांचे २६ स्प्रिंट, म्हणजे स्प्रिंटला साधारण ४.१५ लाख. बॅकलॉग (करायच्या कामांची यादी) २४० पॉइंटचा (पॉइंट म्हणजे कामाच्या आकाराचा अंदाज) आणि व्हेलॉसिटी (एका स्प्रिंटमध्ये पूर्ण होणारे पॉइंट) २० ते ३० असेल तर ८ ते १२ स्प्रिंट, म्हणजे ३३ ते ५० लाख. ही रेंजच लिहा. एकच आकडा दिलात की फायनान्सवाले तोच धरून बसतात. क्लाउड, लायसन्स, सिक्युरिटी ऑडिट वेगळ्या ओळीत दाखवा. लाइव्ह गेल्यानंतरचा सपोर्ट तर हमखास राहून जातो. तीन स्प्रिंट झाले की खऱ्या व्हेलॉसिटीने आकडे पुन्हा मांडा.