प्रश्न तुमचे : मागणी घालायची, पण सुगावा लागू न देता

प्रश्न : तिला बेसावध गाठून लग्नाचं विचारायचं आहे. पण तिची तयारी आहे का हे आधी विचारलं, तर सरप्राइज कसलं उरणार?

उत्तर : गुपित ठेवायचं ते कधी, कुठे आणि कसं विचारणार, एवढंच. लग्न करायचंय का, साधारण किती वर्षांत, राहायचं कुठे, मुलं हवीत की नकोत, कुणाच्या डोक्यावर कर्ज आहे का, ही बोलणी आधीच झालेली हवीत. ती मुलाखतीसारखी एका बैठकीत उरकू नका. चालता-बोलता निघू द्या. यातलं काहीच बोलून झालेलं नसेल तर समोरचं माणूस गांगरतं, आणि गांगरून दिलेला ‘हो’ आठवडाभरात डळमळू लागतो. उत्तराचा अंदाजच नसेल, तर अंगठीची खरेदी लांबवा.

प्रश्न : अंगठीचं माप तिला न कळता कसं घ्यायचं? ती झोपल्यावर दोरा गुंडाळून मोजायचा विचार आहे.

उत्तर : दोरा नको. तो ताणला जातो, शिवाय बोटाच्या मुळाशी गुंडाळला जातो. अंगठी मात्र सांध्यावरून पार व्हायची असते. तिची त्याच बोटात बसणारी एखादी अंगठी तासाभरासाठी मिळवा. उजव्या हाताची अंगठी डाव्या हातासाठी गृहीत धरू नका. रोजच्या कामाचा हात बहुधा किंचित जाड असतो.

मोजायचा तो आतला व्यास, आणि तो व्हर्नियर कॅलिपरने, म्हणजे मिलिमीटरचे अंशही दाखवणाऱ्या सरकत्या जबड्यांच्या मोजपट्टीने. वापरातली अंगठी थोडी लंबगोल झालेली असते, म्हणून दोन आडव्या-उभ्या दिशांनी मोजून सरासरी घ्या. कागदावर ठेवून आतून पेन्सिल फिरवली तर वर्तुळ लहान येतं, कारण पेन्सिलचं टोक कडेला पूर्ण भिडत नाही. कॅलिपर नसेल तर अंगठी साबणाच्या मऊ वडीत सरळ दाबा आणि तो ठसा सोनाराकडे न्या. चूक किती महागात पडते पाहा : व्यास १७ मिमी असेल तर घेर सुमारे ५३.४ मिमी. व्यासात १ मिमी चुकलात की घेरात ३ मिमीहून जास्त फरक पडतो. मग अंगठी एकतर सांध्यावर अडते किंवा हात धुताना गळून पडते.

दोन मापांत अडकलात तर मोठं घ्या. सैल अंगठी त्या दिवशी निदान बोटात जाते, आणि अंगठी लहान करणं मोठी करण्यापेक्षा सहसा सोपं असतं. मात्र कड्याभोवती सबंध खडे जडवलेली अंगठी कमी-जास्त करणं फार जिकिरीचं, आणि टंगस्टनची तर होतच नाही. माप पक्कं नसताना या दोन्हींच्या वाटेला जाऊ नका.

प्रश्न : मी मुलगी आहे आणि मीच त्याला विचारणार आहे. त्याच्यासाठी अंगठी घेताना वेगळं काही पाहावं लागतं?

उत्तर : पट्टीची रुंदी पाहा. ६ मिमीच्या पुढची पट्टी त्याच मापात जास्त आवळते, म्हणून माप किंचित वाढवून घ्यावं लागतं. तो अंगठी घालतच नसेल तर घड्याळ किंवा आणखी काही द्या. अंगठीवाचून काही अडत नाही.

प्रश्न : भर मैदानात मोठ्या पडद्यावर विचारावं का? तिच्या घरच्यांनाही लपवून बोलावणार आहे.

उत्तर : तिला स्वतःच्या वाढदिवसाला केक कापतानाही अवघडल्यासारखं होत असेल, तर मुळीच नाही. हजार डोळ्यांसमोर ‘थोडा वेळ दे’ म्हणता येत नाही, आणि ते म्हणायची मोकळीक तिला असलीच पाहिजे. घरच्यांना तिथेच पडद्याआड उभं करू नका. दहा-पंधरा मिनिटांच्या अंतरावर बसवा आणि तिचं उत्तर आल्यावर बोलवा. ‘आज बेत रद्द’ असा एक ठरलेला निरोपही त्यांना आधीच सांगून ठेवा.

प्रश्न : फोटोग्राफर लपवायचा कसा? सूर्यास्ताच्या वेळी उघड्या जागेवर बेत आहे.

उत्तर : लपवायची गरजच नसते, अंतर ठेवलं की पुरे. ७०–२०० मिमीची, लांबचं जवळ आणणारी झूम लेन्स असेल तर १५–२० मीटरवरून चेहरे नीट येतात, आणि एवढ्या लांबचा माणूस कुणाच्या लक्षात येत नाही. आदल्या दिवशी त्याच वेळी तुम्ही आणि फोटोग्राफर जागेवर जा, नेमका दगड किंवा बाक ठरवा आणि त्याचा फोटो एकमेकांकडे ठेवा. फक्त नकाशावरची खूण पाठवली तर तो पलीकडच्या कठड्यावर उभा राहतो आणि हाती तुमची पाठ येते.

खूण साधी ठेवा : टोपी काढली की सुरू. कॅमेऱ्याला दोघांची एक-एक बाजू दिसेल असे उभे राहा. सूर्य तुमच्या थेट मागे असेल तर दोन काळ्या आकृत्याच उरतात. कॅमेऱ्याचं शटर १/२५० सेकंद किंवा त्याहून वेगवान हवं. हात तोंडाकडे जातात तो क्षण नाहीतर पुसट येतो. डबी छातीच्या किंचित खाली धरा, वर धरली की तुमचाच चेहरा झाकतो. आणि गुडघ्यावरून लगेच उठू नका. घाईत माणसं दोन सेकंदांत उभी राहतात. निदान दहा सेकंद थांबा.

उजेड किती उरलाय ते हाताने कळतं. हात पूर्ण ताणून, बोटं आडवी धरून सूर्य आणि क्षितिज यांत किती बोटं मावतात ते पाहा. एका बोटाला ढोबळमानाने १५ मिनिटं. समोर डोंगर किंवा इमारत असेल तर सूर्य त्याआधीच गडप होतो. मेणबत्त्यांचा विचार असेल तर त्या उंच काचेच्या आत ठेवा, वाऱ्यावर एकही टिकत नाही. ड्रोन नकोच : त्याच्या घरघरीत तुमचं बोलणं बुडेल, शिवाय बऱ्याच ठिकाणी परवानगी लागते.

प्रश्न : बेत सहसा फुटतो कुठून?

उत्तर : फोनमधून. दोघांचं सामाईक कॅलेंडर, आपोआप जुळणारे फोटो, लॉक स्क्रीनवर झळकणारा सराफाचा मेसेज, एकमेकांना दिसणारं लोकेशन, घरच्या पत्त्यावर आलेलं पार्सल. हे पाच आधी बंद करा. आणि तिला कपड्यांचा अंदाज येईल असं खरं वाटणारं निमित्त द्या. घरच्या चपलांत उभी राहिली तर ती फोटोंवर कायम चिडेल.

प्रश्न : ऐन वेळी शब्द विसरलो तर?

उत्तर : पाठांतर करूच नका. तीन वाक्यं पुरतात : तिच्यातली एक नेमकी गोष्ट, तुम्हाला काय हवंय ते, आणि मग सरळ प्रश्न. प्रश्न विचारायचाच राहून जातो, असं बरेचदा घडतं. माणूस बोलत सुटतो आणि ती अंगठीकडे पाहत ताटकळते. सराव करायचा तो डबीचा. बिजागरी कोणत्या बाजूला आहे ते बघून ठेवा, चपटी डबी घ्या म्हणजे खिसा फुगणार नाही, आणि त्या खिशात किल्ल्या ठेवू नका. प्रवास असेल तर अंगठी हातातल्या बॅगेत न्या, सामानात टाकू नका.